आकड्यांचे उलटे बोल

महाराष्ट्रात कशाकशावरून भांडणे होतात याची यादी करायला बसले तर दिवाळी अंकाची पाने पुरायची नाहीत. पण दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून साऱ्या राज्याने भांडावे हे भाग्य त्या पुस्तकाला एकदाच लाभले. साल २०१९, महिना जूनचा. बालभारतीचे दुसरीचे नवे गणित मुलांच्या हाती पडले आणि त्यात एकवीसपासून नव्याण्णवपर्यंतच्या संख्यांची नावे दोन तऱ्हांनी दिलेली मोठ्यांच्या नजरेस आली. एकवीसच्या जोडीला 'वीस एक', बासष्टच्या जोडीला 'साठ दोन'. जुने नाव पुसले नव्हते. त्याच्या शेजारी नवे ठेवले होते.

एवढे निमित्त पुरले. मराठी बुडाली, संस्कृती बुडाली, मुले आळशी झाली, असा चोहीकडे गलका झाला. ज्यांनी शाळा सोडल्यापासून गणिताच्या पुस्तकाला हात लावला नव्हता त्यांनाही गणिताचा एकाएकी पुळका आला. विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावाची 'फडण दोन शून्य' आणि एका मंत्र्यांच्या आडनावाची 'पन्नास दोन कुळे' अशी फोड झाली. सभागृह हसले, सभागृहाबाहेरचा महाराष्ट्रही हसला. विनोद चांगला होता हे मी मान्य करते. पण विनोदाने प्रश्न सुटत नाही, फक्त सभा सुटते.

ज्या समितीने हा बदल सुचवला तिच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. संख्या-सिद्धान्तात संशोधन केलेल्या आणि तरीही लहान मुलांसाठी सोपे लिहिण्यात कमीपणा न मानणाऱ्या बाई. त्यांचे म्हणणे साधे होते. मुलांना ही जोडाक्षरी नावे जड जातात आणि त्यातून गणिताचीच भीती बसते. दशक आधी आणि एकक मागून बोलण्याची रीत दक्षिणेतल्या भाषांत आहे, इंग्रजीतही आहे. मग आपल्या मुलांना ती वाट का दाखवू नये? जुलै २०२३ मध्ये नारळीकरबाई गेल्या. तो गलका तर त्याआधीच विरून गेला होता. ज्या मुलांसाठी त्यांनी हसे ओढवून घेतले, त्या मुलांची अडचण मात्र होती तिथेच आहे. म्हणून हा विषय पुन्हा काढते. आणि माझा पक्ष आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचकांना शेवटपर्यंत ताटकळावे लागणार नाही: नारळीकरबाईंचे बरोबर होते, आणि त्यांना हसणाऱ्यांनी मुलांचे नुकसान केले.

मी कादंबऱ्या लिहिते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. गणितातली पंडिता मी नव्हे. पण वर्गात 'सत्तावीस लिहा' असे सांगितले की दरवर्षी काही पाट्यांवर आणि वह्यांवर हटकून ७२ उमटते, हे पाहायला पांडित्य लागत नाही. डोळे असले की पुरते. आणि हे ७२ लिहिणारे मूल मठ्ठ नसते, वाचकहो! ते फार प्रामाणिक असते. कानावर आधी 'सत्ता' पडला, त्याने आधी ७ लिहिला. मग 'वीस' ऐकू आले, त्याने पुढे २ लिहिला. जसे ऐकले तसे डावीकडून उजवीकडे उतरवले. आपणच त्याला 'कमल' लिहिताना असे करायला शिकवलेले असते. गणिताच्या तासाला तोच शहाणपणा गुन्हा ठरतो.

ज्याचे ७२ होत नाही ते मूल काय करते? ते 'सत्ता' ऐकते, सात मनात धरून ठेवते, 'वीस' येईपर्यंत थांबते, आधी २ मांडते, मग धरून ठेवलेला ७ त्याच्या पुढे सोडते. मोठ्यांना हे क्षणात जमते, कारण त्यांनी ते हजारो वेळा केलेले आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला ही कसरत नवी असते. त्यातच पेन्सिलीचे टोक मोडते, शेजारचा कोपर मारतो, आणि धरून ठेवलेला सात हातातून निसटतो.

आता कुणी म्हणेल, 'बाई, एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ करता! संख्या ती संख्या. नाव काहीही द्या, मेंदूला ती कळतेच.' इथेच सारी गफलत आहे. मेंदूला संख्या कशी कळते याचा अभ्यास गेली दीडशे वर्षे चालू आहे, आणि त्याचे सांगणे या समजुतीच्या नेमके उलट आहे.

१८७१ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने घरच्या घरी एक प्रयोग केला. काळे दाणे मुठीत घ्यायचे, एका पांढऱ्या डबीच्या दिशेने टाकायचे, आणि डबीत किती पडले ते एका नजरेत, न मोजता, सांगायचे. हा उद्योग त्याने हजाराहून अधिक वेळा केला. तीन किंवा चार दाणे असले की तो कधीच चुकला नाही. पाचाला क्वचित चुकला. त्यापुढे दाणे जसे वाढले तशा चुका वाढत गेल्या. या दिवाळीत सज्जाच्या कठड्यावर पणत्या मांडाल तेव्हा स्वतःच पाहा. तीन पणत्या 'तीन' म्हणूनच दिसतात, मोजाव्या लागत नाहीत. अकरा पणत्या मात्र 'बऱ्याच' दिसतात. अकरा म्हणायला बोट फिरवावेच लागते.

ही तीन-चारपर्यंतची नजर आपण जन्मतःच घेऊन येतो. कॅरन विन या अमेरिकन बाईंनी १९९२ साली पाच महिन्यांच्या तान्ह्या मुलांपुढे बाहुल्यांचा खेळ मांडला. एक बाहुली ठेवली, पुढे पडदा उभा केला, मुलाच्या देखत पडद्याआड दुसरी बाहुली नेऊन ठेवली, आणि पडदा पाडला. दोन बाहुल्या दिसल्या तर मूल थोडे पाहून नजर काढी. गुपचूप एक उचललेली असली, म्हणजे एकच दिसली, तर ते अधिक वेळ टक लावून पाही. बोलता न येणाऱ्या जिवालाही एक आणि एक दोन हवे असतात!

याखेरीज मेंदूपाशी दुसरे एक माप असते ते अंदाजाचे. सहा महिन्यांच्या मुलांना ८ ठिपके आणि १६ ठिपके यांतला फरक कळतो. ८ आणि १२ यांतला कळत नाही, असे फेई शू आणि एलिझाबेथ स्पेल्के यांना २००० साली आढळले. या मापाला वजाबाकी कळत नाही, पट कळतो. पिशवीत एका किलोच्या जागी दोन किलो आले तर हाताला लगेच उमगते. वीस किलोच्या जागी एकवीस आले तर हाताला पत्ता नसतो. वय वाढते तसे हे माप बारीक होते, पण अंदाजाचे ते अंदाजाचेच राहते. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, डोक्याच्या वरच्या-मागच्या भागात, पार्श्वखंड म्हणतात तिथल्या एका खाचेत या मापाचे घर आहे असे तज्ज्ञ सांगतात. माकडांच्या मेंदूत तर ठराविक संख्येला जाग्या होणाऱ्या पेशी २००२ साली सापडल्या आहेत.

आपल्या भाषेला हे अंदाजाचे माप उत्तम ठाऊक आहे. चिमूटभर मीठ, मूठभर शेंगदाणे, ओंजळभर फुले, पसाभर तांदूळ; पाचसात, दहाबारा, शंभरेक. कोळीण मासळीचा वाटा घालते तो न मोजता घालते आणि गिऱ्हाइकाची नजरही न मोजताच त्याचा मोठा-लहानपणा ठरवते. भांडण होते ते मेंदूतल्या दोन अंदाजांचे असते.

म्हणजे निसर्गाने आपल्याला दोन देणग्या दिल्या. चारपर्यंतची पक्की नजर आणि त्यापुढचा कच्चा अंदाज. मग सत्तावीस म्हणजे सव्वीसही नव्हे आणि अठ्ठावीसही नव्हे, हे नेमकेपण आले कुठून? ते आले शब्दांतून आणि अंकांतून. ब्राझीलच्या जंगलात मुंडुरुकू नावाचे लोक राहतात. त्यांच्या भाषेत पाचाच्या पुढच्या संख्यांना ठाम नावे नाहीत. पिएर पिका, स्टानिस्लास देहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली त्यांची परीक्षा घेतली. ठिपक्यांचे दोन मोठे पुंजके दाखवून जास्त कुठे असे विचारले तर ते फ्रेंच माणसांच्या तोडीने उत्तर देत. पण सहातून चार नेले तर नेमके किती उरले, अशा हिशेबात ते डळमळू लागत. त्यांची बुद्धी कमी नव्हती. नेमक्या संख्येला धरून ठेवणारी खुंटी, म्हणजे तिचे नाव, त्यांच्याजवळ नव्हते.

या प्रयोगातून आपल्याला घ्यायचा बोध असा, की चाराच्या पुढची नेमकी संख्या मेंदूत शिरते ती शब्दांचा हात धरून. आणि असे असेल, तर तो शब्द कसा घडलेला आहे याला महत्त्व येते. हात धरणाराच उलटा चालत असेल तर मूल ठेचकाळणार.

आमचे शब्द कसे चालतात ते पाहू. शब्दांवर पोट भरणारी मी. मला त्यांचे कौतुक नाही असे कोण म्हणेल? पण कौतुकाने डोळे मिटावेत असे नाही. सहा हा अंक घ्या. सव्वीसमध्ये तो 'स', छत्तीसमध्ये 'छ', सेहेचाळीसमध्ये 'सेहे', छप्पन्नमध्ये पुन्हा 'छ', सहासष्टमध्ये 'सहा' आणि शहात्तरमध्ये 'शहा'. बहुरूप्यालाही इतकी सोंगे येत नसतील. सात हा सत्तावीसमध्ये 'सत्ता', सदतीसमध्ये 'सद', सदुसष्टमध्ये 'सदु'. बरे, निदान दशक तरी जागेवर असावे? पन्नास हा एक्कावन्नमध्ये 'वन्न' होतो, त्रेपन्नमध्ये 'पन्न' होतो. साठचा 'सष्ट' होतो, सत्तरचा 'हत्तर', नव्वदचा 'ण्णव'.

आणि या साऱ्यांवर कडी म्हणजे आमचे 'एकोण' घराणे. एकोणतीस म्हणजे एकाने उणे तीस. मुलाला ऐकू येतात एक आणि तीस; लिहायचे असतात दोन आणि नऊ. उच्चारात ज्यांचा मागमूस नाही ते दोन अंक त्याने मनातल्या मनात वजाबाकी करून काढायचे, आणि वजाबाकी तर त्याला अजून शिकायची आहे! एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ वेळा हा नियम पाळायचा, आणि मुलाने मोठ्या धीराने नवव्या वेळी 'एकोणशंभर' म्हटले की त्याच्यावर खेकसायचे, 'नव्याण्णव म्हण!' नियम शोधून काढणारे मूल हुशार, की नियम मोडणारी भाषा?

बेळगावात एकाच गल्लीत मराठी आणि कन्नड घरे आहेत. कन्नड मूल 'इप्पत्तेळु' म्हणते. इप्पत्तु म्हणजे वीस, एळु म्हणजे सात. जसे बोलले तसे लिहिले, २७. त्याला दहापर्यंतची आणि दशकांची नावे आली की थोड्याफार संधीने शंभरापर्यंतची वाट मोकळी होते. मराठी मुलाला जवळजवळ प्रत्येक नाव वेगळे पाठ करावे लागते. दोघांचा मेंदू एकाच घडणीचा, दोघांच्या आया एकाच बाजारात भाजी घेणाऱ्या.

हा नुसता माझा तर्क नव्हे. चिनी भाषेत अकराला 'दहा एक', एकवीसला 'दोन दहा एक' अशा अर्थाची सरळ नावे आहेत. चिनी आणि अमेरिकन मुलांची तुलना करणारा एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. दहापर्यंत मोजण्यात दोघे बरोबरीने चालली. दहाच्या पुढे, जिथे इंग्रजीत अडनिडी नावे लागतात, तिथे अमेरिकन मुले मागे पडली. घरची शिस्त, शाळेची शिकवण हीही कारणे असतात हे खरे. पण फरक नेमका अडनिड्या नावांपाशीच का पडावा? जर्मन भाषेत आमच्यासारखाच एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना संख्या ऐकून लिहायला लावल्या आणि त्यांच्या चुका २००९ साली तपासल्या, तेव्हा निम्म्याच्या आसपास चुका या उलटापालटीच्या निघाल्या. तिथेही सत्ताविसाचे बहात्तर होते, फक्त जर्मनमध्ये. झेक भाषेत तर दोन्ही रीती नांदतात, एकक आधी आणि दशक आधी. २०११ साली असे दिसले की तीच मुले उलट्या नावांना अडखळतात आणि सरळ नावांना फारशी अडखळत नाहीत. मूल तेच, मेंदू तोच, बदलला फक्त शब्द!

आणि ज्यांना वाटते की भाषेतली अंकनावे बदलणे म्हणजे आकाश कोसळणे, त्यांनी नॉर्वे देशाकडे पाहावे. तिथे 'सात आणि वीस' म्हणत. टेलिफोनचे आकडे सांगताना घोटाळे होतात असे तारखात्याचे म्हणणे पडले, आणि १ जुलै १९५१ पासून शाळेत आणि रेडिओवर 'वीस-सात' म्हणायचे ठरले. आकाश कोसळले नाही. पुष्कळ माणसे घरात जुनेच बोलत राहिली. आजही तिथे दोन्ही कानांवर पडतात. टेलिफोनच्या सोयीसाठी एका देशाने जे केले, ते मुलांच्या सोयीसाठी करायला आम्हाला लाज वाटली.

आता प्रतिपक्षाचे मुद्दे घेऊ. त्यांना टाळून जाणे बरे नव्हे.

पहिला मुद्दा परंपरेचा. संस्कृतात एकविंशति म्हणतात, अंकांची चाल डावीकडे असते असे जुने शास्त्रकार सांगत; मग आपण ती मोडायची का? उत्तर असे की परंपरा कुणी मोडत नाही. चौसष्ट कला चौसष्टच राहतील, बावनकशी सोने बावनकशीच राहील. १ एप्रिल १९५७ रोजी या देशाने रुपयाचे सोळा आणे मोडून शंभर नवे पैसे केले. तेव्हाही आण्यांच्या जिवावर उठल्याची ओरड झाली. पण आज इतक्या वर्षांनीही आपण 'सोळा आणे खरे' म्हणतोच, पै-पैचा हिशेब मागतोच. आणे व्यवहारातून गेले, भाषेत राहिले, आणि मुलांची आण्या-पैच्या हिशेबांतून सुटका झाली. यात कुणाचे काय बिघडले?

दुसरा मुद्दा हटकून येतो: 'आम्ही नाही शिकलो?' शिकलात ना! पण हा प्रश्न विचारतो कोण? जो शिकला तो. ज्याला जमले तोच पुढे अग्रलेख लिहितो, सभा गाजवतो, आणि छातीवर हात मारून आपला दाखला देतो. ज्याला दुसरीतच 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवले, ज्याने गणिताच्या धास्तीने शाळा सोडली, त्याचे मत घ्यायला कोण गेले होते? नदी पोहून आलेल्यांना विचारून पूल बांधायचा की नाही हे ठरत नसते.

तिसरा मुद्दा पाढ्यांचा. 'नऊ त्रिक सत्तावीस' याचा ठेका 'नऊ त्रिक वीस सात' मध्ये नाही, हे मला कबूल आहे. माझे म्हणणे इतकेच, की पाढे ठेक्यासाठी म्हणा आणि जुन्या नावांनीच म्हणा. पण सत्तावीस म्हणजे दोन दशक सात, ही समज आधी बसू द्या. अर्थ न कळता म्हटलेला पाढा ठेक्यात येतो आणि ठेका चुकला की जातो.

चौथा मुद्दा मात्र खरोखर विचार करण्यासारखा आहे, आणि नवल म्हणजे एवढ्या गलक्यात तो माझ्या कानावर फारसा आला नाही. मराठीत 'वीसएक' किंवा 'वीसेक' म्हणजे अंदाजे वीस. 'लग्नाला वीसएक माणसे होती' यातला वीसएक हा एकवीस नव्हे. मग 'वीस एक' म्हणून एकवीस शिकवले तर अंदाज आणि नेमकेपणा यांची सरमिसळ होणार नाही का? होऊ शकेल. म्हणून 'वीस आणि एक' म्हणा, 'दोन दशक एक' म्हणा. बोलताना वीसवर थांबून एक वेगळा उच्चारा. शिक्षकाला एवढे तारतम्य असते. आणि ही अडचण फक्त एकाच्या घरात आहे. तीस चार, साठ दोन, ऐंशी सात यांना ती शिवतही नाही. खऱ्या आक्षेपाला उपाय असतो. आडनावांची फोड करणाऱ्या विनोदाला उत्तर नसते, कारण तो आक्षेपच नसतो.

आता थोडे घरचे बोलते. मी पार्ल्याची. आमचे पार्ले हे मराठी विद्येचे माहेरघर असे आम्ही पार्लेकर न विचारता सांगत असतो. ज्या गावाने १९२१ साली टिळकांच्या नावाने शाळा काढली, १९२३ साली लोकमान्य सेवा संघ उभा केला, त्याला तो अभिमान शोभतोही. त्या जूनमध्ये पार्ल्यातल्या कितीतरी दिवाणखान्यांत 'वीस एक'ची टिंगल झाली. मीही ती चहाबरोबर ऐकली. टिंगल करणाऱ्या आजोबांचा नातू पलीकडे बसला होता. आजोबा त्याला म्हणाले, 'सांग रे, सत्तावन्न म्हणजे किती?' नातवाने वर पाहिले आणि विचारले, 'आजोबा, दॅट इज फिफ्टी सेव्हन ऑर सेव्हन्टी फाइव्ह?'

हा प्रकार एका घरचा नाही. पार्ले पूर्वेच्या बाजारात उभे राहा. भाजीवाली म्हणते 'सत्तेचाळीस झाले', आणि पाठीवर दप्तर अडकवलेले मराठी घरातले मूल आईच्या तोंडाकडे पाहते. आई सांगते, 'फॉर्टी सेव्हन, बाळा.' मग ते पैसे देते. स्टेशनवर गाडीची वेळ सांगतानाही तेच. आणि हे फिफ्टी सेव्हन, फॉर्टी सेव्हन म्हणजे तरी काय? पन्नास सात आणि चाळीस सात! शब्दशः तेच, ज्याला सारे हसले. तीच रचना इंग्रजीतून आली तर प्रगती, मराठीतून आली तर हास्यास्पद. आपल्या मुलांसाठी सरळ आकडे फी भरून विकत घ्यायचे, आणि सरकारी शाळेतल्या, पाड्यावरच्या, झोपडपट्टीतल्या मुलाला तेच सरळ आकडे त्याच्या मातृभाषेत फुकट मिळू लागले की संस्कृतीच्या नावाने गळा काढायचा, याला मी भाषाप्रेम म्हणायला तयार नाही. मराठी आकड्यांना धोका 'पन्नास सात'पासून नव्हता. पन्नासही मराठी आणि सातही मराठी. धोका आहे तो ज्या घरांतून पन्नासही गेला आणि सातही गेला, त्या घरांपासून.

शिवाय आपण सारे, न कळत, दोन्ही नावे वापरतोच. दिवाळीत पाहुणे जमले की घरोघर हाउजीचा डाव पडतो. आकडा पुकारणारा काय पुकारतो? 'दोन आणि सात, सत्तावीस!' आधी अंक लिहिल्या क्रमाने, मागून नाव. का? कुणाची चूक होऊ नये म्हणून. टेलिफोनवर नंबर देतानाही आपण 'सत्तावीस, म्हणजे दोन सात' असे हमखास सांगतो. पाच-दहा रुपयांच्या डावात मोठ्यांचा घोटाळा होऊ नये म्हणून जी काळजी आपण घेतो, ती सात वर्षांच्या मुलाच्या साऱ्या गणिताच्या बाबतीत घ्यायला आपली ना आहे!

तेव्हा मला मागायचे आहे ते फार नाही. पहिली-दुसरीच्या मुलाने 'वीस सात' म्हटले तर ते बरोबर धरावे. त्याच्या उत्तरावर लाल रेघ ओढू नये. सत्तावीस हे नाव त्याला जरूर शिकवावे, पण २७ ची समज पक्की झाल्यावर, त्या समजेचे नाव म्हणून. शिक्षकांनी सत्ताविसाच्या जागी बहात्तर आले की वहीवर चूक म्हणण्याआधी मुलाला विचारावे, 'तू काय ऐकलेस?' आणि ज्यांना एकोणसाठ, सदुसष्ट, त्र्याण्णव या शब्दांचा खरा कळवळा आहे त्यांनी ते शब्द आपल्या घरात बोलावेत: पत्ते खेळताना, फराळाचे डबे मोजताना, बाजारात पैसे देताना. शब्द जगतात ते वापराने. ते जगवण्याचे ओझे दुसरीतल्या मुलाच्या डोक्यावर टाकून मोठ्यांनी इंग्रजीत मोजत बसावे, हा न्याय नव्हे.

निसर्गाने प्रत्येक मुलाला चारपर्यंतची नजर सारखी दिली आहे, बंगल्यातल्या आणि पाड्यावरच्या. पाचापासून पुढची वाट मात्र आपण द्यायची असते, शब्दांनी. ती सरळ करून देणाऱ्या एका विदुषीला आपण हसलो. आता निदान त्या मुलांना तरी हसू नये.